काट्याची पारख

घरी जोडलेला गिटारचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर पहिल्यांदा चालू केला की दोन आकडे बघावे लागतात. पॉवर व्हॉल्व्हच्या प्लेटवर किती व्होल्टेज येते हा एक, आणि त्याचा बायस किती बसला हा दुसरा. ग्रिड कॅथोडच्या मानाने जितकी ऋण, तितका प्लेटकडे जाणारा प्रवाह कमी. या ऋणतेलाच बायस म्हणतात. प्लेटचे व्होल्टेज आणि प्रवाह यांचा गुणाकार केला की गिटार गप्प असतानाही प्लेट किती वॉट उष्णता सोसते आहे ते कळते. सोसण्याची हद्द ओलांडली तर प्लेट आधी अंधारात मंद लाल दिसते, मग उजेडातही दिसते, आणि तोवर कोणाचे लक्ष गेले नाही तर व्हॉल्व्ह जातो. कधी आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही सोबत नेतो. काम तासाभराचे आहे. पण व्हॉल्व्हमधला प्रवाह कोणाला दिसत नाही आणि व्होल्टेजला रंग-वास नसतो. न दिसणारी गोष्ट कळली असे कधी म्हणायचे, आणि ज्या साधनाने ती कळली त्या साधनावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा, हा दर्शनशास्त्रातला जुना प्रश्न या तासाभरात पुन्हा पुन्हा समोर येतो.

त्या प्रश्नाला प्रमाणविचार म्हणतात, आणि हा शब्द मुळात मोजमापाच्या घरातला आहे. ‘मा’ म्हणजे मापणे. यथार्थ ज्ञान ती प्रमा, जाणणारा प्रमाता, जाणायची वस्तू प्रमेय आणि जाणण्याचे साधन प्रमाण. मराठीने या शब्दाची दोन्ही अंगे जपली आहेत: वरणात मिठाचे प्रमाण असते आणि वारकऱ्याला ज्ञानेश्वरी प्रमाण असते. न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानते. कुमारिल भट्टाचे अनुयायी मीमांसक त्यांत अर्थापत्ती आणि अनुपलब्धी यांची भर घालतात. चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानतो. त्याला अ‍ॅम्प्लिफायर तपासायचा झाल्यास प्लेट लाल होण्याची वाट पाहावी लागेल.

सगळ्यांत आधी कामास येते ती अनुपलब्धी, म्हणजे एखादी गोष्ट नसल्याचे ज्ञान. छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही प्लेटच्या लाइनवर अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतात आणि फिल्टरचे कंडेन्सर ते स्विच बंद केल्यावरही धरून ठेवतात. ‘प्लग सॉकेटमधून काढला आहे, म्हणून आत वीज नाही’ या अनुमानाने अनेक हातांना झटका दिला आहे. म्हणून कंडेन्सर रेझिस्टन्समधून रिकामा करायचा आणि मग मीटर लावून शून्य बघायचे. पण मीटरने शून्य दाखवले म्हणजे वीज नाही हे तरी कशावरून? प्रोबची वायर आतून तुटलेली असली तरी मीटर शून्याच्या आसपासच रेंगाळतो. मीमांसक इथे एक अट घालतात. नुसते न दिसणे पुरत नाही. असते तर नक्की दिसले असते, अशी स्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही म्हणून ती नाही असे ठरत नाही. या अटीला योग्यानुपलब्धी म्हणतात. जाणता वायरमन ती रोज पाळतो: मीटर आधी चालू असलेल्या लाइनवर लावून बघतो, मग बंद लाइनवर, आणि मग पुन्हा चालू लाइनवर. मधल्या शून्याला अर्थ येतो तो दोन्ही बाजूंच्या आकड्यांमुळे.

प्रवाह मोजण्याची नेहमीची रीत अनुमानाची आहे. तार तोडून मध्ये अ‍ॅमीटर घालण्याऐवजी कॅथोड आणि चेसिस यांच्यामधल्या रेझिस्टन्सवर किती व्होल्ट पडतात ते बघतात आणि ओहमच्या नियमाने प्रवाह काढतात. एक ईएल-८४ व्हॉल्व्ह आहे असे धरू. त्याच्या प्लेटची मर्यादा १२ वॉट आणि ३०० व्होल्ट. चेसिसच्या मानाने प्लेटवर २६५ व्होल्ट आहेत, कॅथोडवर ७.५ व्होल्ट आहेत, आणि कॅथोडच्या रेझिस्टन्सवरचे पट्टे १५० ओहम सांगतात. साडेसातला १५० ने भागले की ५० मिलिअँपिअर येतात. त्यातला दहावा भाग, म्हणजे पाचेक मिलिअँपिअर, स्क्रीन ग्रिडकडे जातो. प्लेटच्या वाट्याला ४५ उरतात. प्लेट आणि कॅथोड यांच्यात २५७.५ व्होल्ट. गुणाकार ११.६ वॉट. मर्यादेच्या आत, पण काठावर.

न्यायशास्त्राचे शाळकरी उदाहरण डोंगरावरच्या धुराचे: धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. धूर आणि आग यांच्या न सुटणाऱ्या सोबतीला व्याप्ती म्हणतात. उलट दिशेने मात्र ही सोबत सुटते. आग आहे म्हणून धूर असेलच असे म्हणता येत नाही, कारण लालबुंद तापलेल्या लोखंडी गोळ्यात आग असते आणि धूर नसतो. आगीला धूर येतो तो ओल्या जळणामुळे. मागे लपलेल्या अशा अटीला उपाधी म्हणतात. कापसाच्या यवतमाळ जिल्ह्यात हे कोणाला शिकवावे लागत नाही. कापूस वेचून झाल्यावर उपटलेली पराटी ओली असताना चुलीत घातली तर घर धुराने भरते. तीच पराटी उन्हात वाळली की झटकन पेटते आणि धूर नावापुरता. आग दोन्ही वेळी आहे. उपाधी ओळखायला नैयायिक जितका जपतो तितकाच चूल पेटवणारी बाई जपते.

वरच्या हिशेबातली उपाधी रेझिस्टन्सच्या पट्ट्यांत आहे. ‘पट्टे १५० चे, म्हणून रेझिस्टन्स १५० चा’ हे विधान तो रेझिस्टन्स नवा, नेमका आणि कधी न करपलेला असेल तोवरच खरे. दहा टक्के सूट असलेला तुकडा १३५ चाही निघू शकतो. तसे असेल तर त्याच साडेसात व्होल्टचा अर्थ ५५.६ मिलिअँपिअर होतो, प्लेटचा वाटा ५० होतो आणि उष्णता १२.९ वॉट. मीटर तोच, आकडा तोच, आणि व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर. दुसरी उपाधी रेझिस्टन्सला समांतर बसवलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरची: तो झिरपत असेल तर थोडा प्रवाह त्याच्यातून गुपचूप जातो आणि हिशेबात येत नाही. तिसरी स्क्रीनची, कारण ‘दहावा भाग’ हा व्हॉल्व्हच्या डेटाशीटवरून बांधलेला अंदाज आहे. त्या डेटाशीटमध्ये २५० व्होल्टला प्लेटचा प्रवाह ४८ आणि स्क्रीनचा ५.५ मिलिअँपिअर दिला आहे. प्रत्येक व्हॉल्व्ह तेवढाच आज्ञाधारक असतो असे नाही. व्हॉल्व्ह काढून, कंडेन्सरचे एक टोक सोडवून रेझिस्टन्स एकदा ओहममध्ये मोजला की पहिली उपाधी दोन मिनिटांत निकाली निघते. हे दोन मिनिटांचे काम टाळून बायसवर तासभर विचार करणारे लोक मात्र पुष्कळ.

डेटाशीटचा आधार हे शब्दप्रमाण झाले. विषय जाणणाऱ्या आणि तो जसा आहे तसा सांगण्याची इच्छा असणाऱ्या माणसाला न्यायदर्शन आप्त म्हणते. त्याचे वाक्य प्रमाण. ईएल-८४ काढणाऱ्या कंपनीने नग तपासून १२ वॉटची मर्यादा लिहिली. घरी बसून कोणी ती स्वतः शोधू नये, कारण शोधण्याची एकच रीत आहे आणि तिच्यात व्हॉल्व्ह मरतो. पण आप्तत्व लिहिणाऱ्याचे असते, छापलेल्या काचेचे नाही. बाजारात जुन्या नामांकित कंपनीचे नाव नव्याने छापलेले व्हॉल्व्ह फिरतात. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी केलेला ईएल-८४ भंगारातल्या रेडिओत मिळाला तर त्याचे नाव बहुधा खरे असते, वय मात्र डेटाशीटमध्ये नसते.

इथवर मीटर निर्दोष आहे असे धरले. ते धरता येईल का, हाच खरा कळीचा मुद्दा, आणि त्यावरचा सर्वांत धारदार आक्षेप नागार्जुनाचा आहे. तिबेटी परंपरा या बौद्ध आचार्याचा जन्म विदर्भातला मानते. ‘विग्रहव्यावर्तनी’त तो विचारतो: प्रमेय प्रमाणाने सिद्ध होते, तर प्रमाण कशाने सिद्ध होते? दुसऱ्या प्रमाणाने म्हणावे तर त्याला तिसरे लागेल आणि ही रांग कुठेच थांबणार नाही. या दोषाला अनवस्था म्हणतात. प्रमाण आपोआप सिद्ध असते म्हणावे, तर प्रमेयानेच काय बिघडवले होते? तेही आपोआप सिद्ध का नसावे? दिवा स्वतःलाही उजळतो, हे नेहमीचे उत्तर त्याला मान्य नाही. दिव्यात अंधार कधी नव्हताच, मग त्याने स्वतःचे काय उजळले?

न्यायसूत्रांत प्रमाणांवरच्या अशाच आक्षेपाला दिलेला दृष्टान्त तराजूचा आहे. तराजू सोन्याचे वजन सांगतो तेव्हा तो प्रमाण. पण तराजूच बरोबर आहे का, अशी शंका आली की वजन माहीत असलेले सोने त्यात घालून त्याची पारख करतात, आणि त्या वेळी तोच तराजू प्रमेय होतो. प्रमाण आणि प्रमेय या वस्तूंच्या जाती नाहीत. त्या त्या वेळच्या भूमिका आहेत. एकच माणूस सकाळी साक्षीदार आणि दुपारी आरोपी असू शकतो, तसे.

कापसाच्या जिल्ह्यात या दृष्टान्ताला पुस्तकी वास उरत नाही. बाजार समितीच्या आवारात क्विंटलने कापूस मोजला जातो तेव्हा शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट एका काट्यावर येऊन ठेपतात, आणि ‘काटा मारणे’ हा शब्दप्रयोग काही शब्दकोशात बसून तयार झालेला नाही. शंका आली की काट्यावर शिक्क्याचे वजन ठेवून बघतात. वैधमापन विभागाचे निरीक्षक ठरावीक मुदतीने काट्याची पडताळणी करतात आणि त्यावर मुद्रा उमटवतात. त्यांच्याजवळची वजने वरच्या प्रयोगशाळेतल्या वजनांशी ताडलेली, ती त्याहून वरच्या. असे करत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाता येते. तिथे प्लॅटिनम-इरिडियमचा, ५७ क्रमांकाचा किलोग्रॅम ठेवलेला आहे. तो फ्रान्समधल्या मूळ किलोग्रॅमशी ताडलेला. आणि मूळ किलोग्रॅम? त्याचे वजन चुकीचे आहे असे म्हणायलाही सोय नव्हती, कारण किलोग्रॅम म्हणजे तोच. २० मे २०१९ पासून ही व्यवस्था बदलली. आता प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा विद्युतभार यांचे आकडे कायमचे ठरवून दिले आहेत, आणि किलोग्रॅमसारखाच व्होल्टही त्यांच्यावरून निघतो. त्या आकड्यांत अनिश्चितता शून्य आहे, कारण ते आता मोजायचे नसून ठरवलेले आहेत. नागार्जुनाची रांग अशी थांबली: शेवटच्या पायरीवर कोणाला काही दिसले म्हणून नव्हे, सगळ्यांनी मिळून एक शब्द दिला म्हणून. नागार्जुन याला सिद्धी म्हणाला नसता. व्यवहार म्हणाला असता, आणि व्यवहाराला त्याचा विरोध नव्हता.

यवतमाळातल्या घरगुती कारागिराला त्या रांगेत उभे राहायचे नसते. मीमांसक आणि नैयायिक यांचा वाद त्याला जास्त उपयोगी. मीमांसकांचे मत स्वतःप्रामाण्याचे: ज्ञान झाले की ते खरेच धरायचे, खोटे ठरवायला कारण लागते, खरे ठरवायला नाही. खोटे ठरण्याची कारणे दोनच. एक तर त्याला छेद देणारे दुसरे ज्ञान व्हावे, नाही तर ज्या साधनाने ज्ञान झाले त्यात दोष सापडावा. हे मत त्यांना वेदासाठी हवे होते. वेदाला कर्ता नाही, कर्ता नाही म्हणून कर्त्याचा दोष नाही, म्हणून वेद प्रमाण. नैयायिक परतःप्रामाण्यवादी: ज्ञान खरे की खोटे हे बाहेरून ठरते, मुख्यतः त्या ज्ञानावर विसंबून केलेले काम फळते की नाही यावरून. पाणी दिसले, तिथे गेल्यावर तहान भागली तर ते ज्ञान खरे, वाळू लागली तर मृगजळ. वेदही त्यांच्या मते आपोआप प्रमाण नाही. तो ईश्वर या आप्ताचा शब्द म्हणून प्रमाण. दोघेही वेद मानतात आणि दोघांची कारणे एकमेकांना चालत नाहीत, ही या वादातली खरी गंमत.

मीटर हातात घेणारा सुरुवातीला मीमांसक असतो. प्रत्येक आकड्याला दाखला मागत बसला तर काम सुरूच होणार नाही. मीटरच्या आकड्यांवरून ८ वॉट निघतात आणि प्लेट तर लाल दिसते, हे छेद देणारे ज्ञान. मीटरमधली नऊ व्होल्टची बॅटरी उतरली आहे, हा साधनाचा दोष. उतरलेल्या बॅटरीवर बरेच डिजिटल मीटर वाढीव आकडे दाखवतात. शंका आली की तो नैयायिक होतो. नवा कोरडा सेल मोजून दीडच्या किंचित वर व्होल्ट येतात का बघतो, दुसऱ्या मीटरने तोच बिंदू मोजतो. दुसरा मीटर पहिल्याच्याच कारखान्यातला असेल तर दोघांच्या एकमताला फार किंमत देऊ नये. दोन साक्षीदार एकाच घरचे आहेत.

मीटरचा एक दोष मात्र त्याला लावल्याशिवाय उद्भवतच नाही. सुईचा जुना मीटर व्होल्टमागे वीस हजार ओहमचा असतो. ५० व्होल्टच्या रेंजवर त्याचा स्वतःचा रोध दहा लाख ओहम होतो. एखाद्या ईएल-३४ च्या ग्रिडला २ लाख २० हजार ओहममधून उणे ३६ व्होल्टचा बायस दिला आहे आणि हा मीटर थेट ग्रिडवर लावला, तर तो २९.५ दाखवतो. आकडा खोटा नाही. मीटर लागलेला असेपर्यंत ग्रिडवर खरोखरच तेवढेच व्होल्ट असतात, व्हॉल्व्ह त्या काही क्षणांत भरमसाट प्रवाह ओढतो, आणि मीटर उचलला की ३६ परत येतात. एक कोटी ओहमचा डिजिटल मीटर त्याच जागी ३५.२ दाखवतो. पाहण्याने पाहिलेले बदलते, हे वाक्य हल्ली अध्यात्माच्या व्याख्यानांत क्वांटम भौतिकीच्या नावाने फार ऐकू येते. इथे त्यातले काहीही नाही. हा ओहमचा नियम आहे, बदल किती झाला ते कागदावर काढता येते आणि वजाही करता येते. गूढ वाटावे अशी जागा शोधायची तर ती वजाबाकी करता येत नाही तिथे शोधावी.

गिटार वाजवणाऱ्याचे म्हणणे या सगळ्याच्या पलीकडचे असते. बायस जरा गरम ठेवला की सूर भरदार लागतो, असे तो सांगतो. व्हॉक्सच्या एसी-३० सारख्या गाजलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही ईएल-८४ मर्यादेच्या वर तापतात हे जाणकारांना ठाऊक आहे, आणि तो सूर लोकांना आवडतो हेही. ‘मला गोड लागला’ या अनुभवाला मीटर खोडू शकत नाही. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त शब्दखंडनाचे सबंध प्रकरण लिहिले ते याच्याच एका टोकाच्या रूपासाठी: जे स्वतःच प्रकाशमान आहे त्या आत्म्याला शब्द काय सिद्ध करून देणार? पण तिथे विषय आत्म्याचा आहे, व्हॉल्व्हचा नाही. गोडी अनुभवाने सिद्ध होते. व्हॉल्व्ह टिकेल हे गोडीने सिद्ध होत नाही. पहिल्या विधानाची खात्री दुसऱ्यावर चढवणे ही चूक गिटारवाल्यांपुरती मर्यादित नाही. धार्मिक अनुभवाबद्दलच्या निम्म्या भांडणांत तीच असते: अनुभव आला हे खरे, म्हणून त्याबद्दल सांगितलेले सर्व खरे, असा उडी मारलेला निष्कर्ष.

शेवटची उपाधी भिंतीतल्या सॉकेटची. घरगुती पुरवठा नावाला २३० व्होल्टचा असतो. जिल्ह्यातल्या खेड्यात डीपीपासून लांबच्या घरी, रब्बीत ओलिताचे पंप चालू असताना, तो बराच खाली येतो आणि पंप थांबले की वर चढतो. संध्याकाळी २०५ व्होल्टवर बायस बघून व्हॉल्व्ह ११.६ वॉटवर बसवला आणि रात्री पुरवठा २४० झाला, तर प्लेटचे २६५ व्होल्ट ३१० होतात, म्हणजे तीनशेच्या मर्यादेबाहेर. व्होल्टेजबरोबर प्रवाहही वाढतो, त्यामुळे उष्णता चाळीस टक्क्यांच्या आसपास चढून सोळा वॉटच्या घरात जाते. संध्याकाळचे माप खोटे नव्हते. जैन तर्कशास्त्र अशा वेळी मापाला खोटे न ठरवता अपुरे म्हणते. त्याच्या मते कोणतेही विधान द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या चार अपेक्षांनी खरे असते: कोणती वस्तू, कुठे, केव्हा, कोणत्या अवस्थेत. या अपेक्षा न सांगता केलेले ठाम विधान हा त्यांच्या मते दुर्नय.

जुने कारागीर चेसिसच्या आतल्या बाजूला कागदाची चिठ्ठी चिकटवतात. तिच्यावर व्हॉल्व्ह कोणता आणि कॅथोडचा रेझिस्टन्स मोजून किती भरला हे लिहावे. माप कोणत्या घरात, कोणत्या मीटरने घेतले. तारीख आणि वेळ. सॉकेटवर त्या क्षणी किती व्होल्ट होते आणि व्हॉल्व्ह तापून किती मिनिटे झाली होती. मग खाली प्लेट २६५, कॅथोड ७.५, उष्णता ११.६.